गच्चीवरचा चौथा थर

"कुणाला विचारून?"

हा प्रश्न आधी यायचा, बाई मागून. आमच्या इमारतीत कुठेही ड्रिल मशीन सुरू झालं की सगळ्यात वरच्या मजल्यावरचं दार उघडायचं, चपला सटासट जिना उतरायच्या आणि काम चाललेलं असेल त्या घरात उंबऱ्यावरूनच हा प्रश्न शिरायचा. हातात किल्ल्यांचा जुडगा. तुम्ही उत्तर जुळवत असताना त्या जुडग्यातल्या मोठ्या किल्लीने तुमच्याच भिंतीवर टकटक करत राहायच्या. कान भिंतीकडे, डोळे तुमच्यावर.

"ऐकलंत? इथे खणखणीत. आणि इथे बद्द. आत प्लास्टर सुटलंय. रंग मात्र भारीतला लावलात."

लोक पाठीमागे त्यांना काय काय म्हणायचे ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते म्हणणारे आता हे वाचतील आणि मान डोलावतील. तोंडावर सगळे 'काकू' म्हणायचे. त्यावर उत्तर ठरलेलं. "मी कुणाच्या काकाशी लग्न केलेलं नाही. बाई म्हणा." म्हणून बाई.

आमची इमारत वारज्यात आहे. चार मजली, लिफ्ट नाही, खाली खांबांवर पार्किंग. अशा इमारती तुम्ही रोज बघता, कदाचित अशाच एकीत राहता. मी तिसऱ्या मजल्यावर दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. भाडेकरूला सोसायटीत मत नसतं. तोंड असतं, आणि माझं जरा मोठं आहे. घरांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका छोट्या गटात मी आहे. पत्रकं लिहिणं माझ्याकडे.

बाईंची ओळख पत्रकामुळेच झाली. गेटपाशी मी पत्रकं वाटत होते. वर जाड अक्षरांत, 'सदनिकाधारकांनो, जागे व्हा!' पुण्यात पत्रक घेणारा माणूस ते न वाचता दुमडतो आणि पुढच्या कोपऱ्यावर टाकतो. बाईंनी पिशवी खाली ठेवली, चष्मा लावला आणि उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"झाले जागी. आता काय करू? दात घासू?"

मी काहीतरी बोलले. व्यवस्था, बिल्डर, संगनमत, असलं.

"अगं, दर ओळीत लूट लूट लिहिलंयस. ज्याच्या बाथरूमचं पाणी खालच्याच्या छतात उतरतंय, तो हे घरी नेऊन काय करील? भांडण कुणाशी करायचं, कागद कुणाकडे मागायचा, हातोडा कुठे मारायचा नाही, ते कुठे आहे यात? नुसतं ओरडतंय तुझं पत्रक." पिशवी उचलून जिन्याकडे वळल्या आणि तिथून म्हणाल्या, "ओरडायला हरकत नाही. पण आधी सांगावं, मग ओरडावं. चहा घेतेस का?"

त्यानंतरची आमची सगळी पत्रकं बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिली गेली. संडास-बाथरूमची आतली गळती ज्याची त्याची. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप सोसायटीचे. रंग, प्लास्टर, फरशी ही तुमची हौस, कुणाला विचारू नका. पण भिंत पाडायची असेल, बाल्कनी खोलीत घ्यायची असेल, तर महापालिकेची परवानगी आणि परवानाधारक इंजिनिअर. बीम-कॉलमला हात लावायचा नाही. इमारत पंधरा वर्षांची झाली की तिची तपासणी करून घ्यायची आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा करायची, कितीही मजबूत दिसली तरी. मी प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह टाकायचे आणि बाई ते खोडायच्या. "नाही म्हटलं की नाही. त्याच्यापुढे काठी कशाला रोवतेस?"

हे सगळं त्यांना कुठून माहीत, असं तुम्ही विचाराल. बाई पाटबंधारे खात्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक मेणकापड ताणून बसवायचं आणि रेघ न् रेघ शाईने गिरवायची, हे ट्रेसरचं काम. "गिरवायचं म्हणजे बघायचं असतं," त्या म्हणायच्या. "साहेबाची चूक दिसली की मी गिरवायची नाही. आधी नेऊन दाखवायची. त्यामुळे माझं काम चांगलं झालं आणि बढती उशिरा आली." बोलताना मान अशी ताठ, की उशिरा आलेल्या बढतीचाच त्यांना अभिमान वाटत असावा. नम्रपणा हा गुण त्यांच्यात औषधालाही नव्हता. मला त्या आवडायच्या, त्याचं हे एक मोठं कारण.

जन्म येरवड्यातला. "तुरुंगाची भिंत बघत वाढले. तिची डागडुजी वेळच्या वेळी व्हायची. आमच्या चाळीची नाही." वडील मार्केट यार्डात हमाल. वडिलांची एक गोष्ट त्या वारंवार सांगायच्या. पोत्याला नुसता हात लावला की वडिलांना कळायचं, भरती जास्त आहे. व्यापारी म्हणायचा, उचल रे, थोडंसंच तर आहे. वडील पोतं होतं तिथेच ठेवून शेजारी बसायचे आणि म्हणायचे, तोलून आणा.

"आणि तोलल्यावर जास्त निघायचं?" मी एकदा विचारलं.

"दर वेळी नाही. पण तोलावं लागायचं ना त्यांना."

वारज्यातलं घर बाईंनी स्वतःच्या नोकरीवर घेतलं. त्यांच्या घराण्यातलं पहिलं स्वतःच्या नावाचं घर. बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोनच तसबिरी होत्या. एक बुद्धाची. दुसरी नव्या घरात बुद्धवंदना झाली त्या संध्याकाळी गच्चीवर काढलेल्या फोटोची. त्यात बाई तरुण आहेत, आई पदर सावरते आहे, आणि वडील गच्चीच्या कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून उभे आहेत. दुकानाच्या काउंटरवर टेकावं तसे. चेहऱ्यावर भाव असा की हा माल माझ्या मुलीचा आहे, हात लावून बघायचं कारण नाही.

मी हा फोटो शंभरदा पाहिला असेल आणि त्यातलं जे बघायचं ते मला दिसलं नव्हतं. ते पुढे येईल.

आधी खांबाचं सांगते.

पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मोठी गाडी घेतली. एवढी मोठी, की पार्किंगमधल्या त्यांच्या जागेत ती शिरेना. मग त्यांनी एक कारागीर आणला आणि तो छिन्नी घेऊन खांबाचा कोपरा तासायला लागला. चपला सटासट उतरल्या.

"कुणाला विचारून?"

"काकू, दोनच इंच," गाडीवाले म्हणाले.

"मी कुणाच्या काकाशी लग्न केलेलं नाही. आणि तुमच्या मणक्यातून काढू का दोन इंच? चालाल ना तसेच?"

"प्लास्टरच काढतोय हो फक्त."

"मग लिहून द्या. इंजिनिअरची सही आणा, की प्लास्टरच आहे आणि आतल्या गजाला धक्का नाही. सही आली की मी स्वतः छिन्नी धरते."

बाईंनी वरून घडीची खुर्ची आणवली, खांबाला पाठ लावून बसल्या आणि मटार सोलायला घेतले. कारागिराने थोडा वेळ वाट पाहिली. मग तोही समोर उकिडवा बसून मटार सोलू लागला. गाडी त्या दिवसापासून बाहेर रस्त्यावर लागते. गाडीवाले बाईंशी बोलेनासे झाले. तरी बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरी खिरीचं भांडं गेलं. भांडं परत आलं ते रिकामं.

"रिकामं पाठवलं बघा त्यांनी," मी चिडून म्हटलं.

बाईंनी भांडं उजेडात धरलं. "घासून पाठवलंय. होईल."

आता गच्ची. इथे मला राग आवरून लिहावं लागणार आहे.

आपल्याकडे गच्ची गळायला लागली की लोक काय करतात? वर आणखी एक थर टाकतात. विटांचे तुकडे, सिमेंट, त्यावर चिनी मातीच्या फुटक्या फरशा. याला कोबा म्हणतात. जुना थर फोडून काढायचा तर आवाज होतो, धूळ होते, राडारोडा खाली न्यावा लागतो. शिवाय जुनं काढलं तर नव्या कमिटीचं काम डोळ्यांत भरत नाही. म्हणून आमच्याकडे कमिटी बदलली की गच्चीवर थर पडतो. पहिला बिल्डरचा, त्यावर दोन कमिट्यांचे दोन. पांढरी, चकचकीत, उद्घाटनाला नारळ फोडण्यालायक गच्ची. आणि तिच्याखाली बाईंची झोपायची खोली, जिच्यात पलंग दर पावसाळ्यात थोडा थोडा सरकत दाराशी आला होता.

गळतं म्हणून थर टाकायचा आणि थर टाकला तरी गळायचंच. मग पुन्हा थर. घरातल्या ट्रॉल्या, टाइल्स, टीव्हीमागची लाकडी भिंत दर चार वर्षांनी बदलणारी ही माणसं मान वर करून छत बघत नाहीत. मला हे अजून समजलेलं नाही.

यंदाच्या कमिटीचे अध्यक्ष आप्पा. इमारत उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्या घरची शेती. माणूस मोकळा, आवाज मोठा, आणि सोसायटी म्हणजे अजून आपलंच शेत अशी समजूत. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून वार्षिक सभा भरली. पावसाळ्याआधी गच्चीवर नवा कोबा, असा विषय आप्पांनी मांडला. चौथा थर. माना हलल्या. बाई उभ्या राहिल्या.

"जुनं काढणार का?"

"जुनं कशापायी काढायचं बाई? मजबूत हाय की ते."

"मजबूत आहे तर गळतंय का?"

हशा पिकला. आप्पाही हसले. "अवो, तुमच्याच डोक्यावर गळतंय न्हवं? तुमच्यासाठीच चाललंय सगळं. आन तुमीच आडव्या?"

"माझ्याच डोक्यावर आहे म्हणून आडवी. गळतं ते बादलीत पडतं. स्लॅब पडला तर बादली नाही माझ्याकडे तेवढी. जुने थर काढा, इंजिनिअरला स्लॅब दाखवा, उतार नीट करा, मग नवा थर घाला. एकच."

"इतकी वर्षं काही झालं नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

"इतकी वर्षं झाली ना. ते झालं."

"काकू, जरा पॉझिटिव्ह बोला."

"पॉझिटिव्हली पडेल."

मतदान झालं. थराच्या बाजूने हातांचं रान. विरोधात बाईंचा एक हात. भाडेकरू म्हणून मी खुर्च्यांच्या मागे उभी, दोन्ही हात खिशात, मुठी आवळलेल्या.

वर आल्यावर मी पत्रक लिहायलाच बसले. 'अध्यक्षांच्या हुकूमशाहीचा धिक्कार'. बाई भाजी चिरत होत्या.

"धिक्काराने आप्पा घाबरेल? जमिनीचे खटले लढलेला माणूस आहे. धिक्कार त्याने जेवणाबरोबर खाल्लेत. तू आधी एक काम कर. गच्चीवर जा, कठड्याला लागून उभी राहा आणि मला येऊन सांग, कठडा तुला कुठे लागतो."

मी गेले, उभी राहिले, परत आले. "मांडीला."

बाईंनी हात पुसले, बाहेरच्या खोलीतली तसबीर काढून आणली आणि टेबलावर ठेवली. "माझे वडील तुझ्याएवढेच होते. जास्त नाही."

मी बघत राहिले. कोपरं टेकून उभा असलेला माणूस. आणि मांडीला लागणारा कठडा. तोच कठडा, तीच गच्ची.

"कठडा बुटका झाला?" मी बावळटासारखं विचारलं.

"कठडा कसा होईल? आपण वर आलो. थरावर थर. जेवढी गच्ची वर आली तेवढं सगळं वजन माझ्या स्लॅबवर बसलंय. स्लॅब बांधणाऱ्याने एका थराचा हिशेब धरलेला असतो. पुढच्या थरांना कुणी विचारलं होतं त्याला?"

मला ओरडावंसं वाटत होतं. बाईंनी कागद पुढे सरकवला. "आता लिही. एकच प्रश्न. काठ्या न रोवता."

लिहिलं. 'गच्चीवर चौथा थर पडणार आहे. आपला स्लॅब तो पेलेल, असं कोणत्या इंजिनिअरने सही करून सांगितलं आहे?' एवढंच. प्रत्येक दाराच्या फटीतून आत सरकवलं. एकाही दारातून आवाज आला नाही.

विटांच्या तुकड्यांचा टेम्पो रविवारी सकाळी आला. गेटपाशी माल ओतला गेला आणि मजुरांनी घमेली भरली. ते पहिल्या खेपेला वर पोचले तर गच्चीच्या दाराशी शेवटच्या पायरीवर घडीची खुर्ची, खुर्चीत बाई, मांडीवर तसबीर. मी शेजारच्या पायरीवर. जायला वाट नाही.

पुढच्या मजूरबाईने डोक्यावरचं घमेलं सावरलं. "आम्ही काय करावं आता, आजी? सांगितलं ते वाहायचं."

"माहिती आहे गं. माझा बापही वाहायचा. उतरवा ते आणि बसा. तुमच्याशी भांडण नाही माझं." मग मला म्हणाल्या, "घरात चहाचं आधण ठेवलंय, बघ."

ठेकेदार आला. "काकू, असं नका करू. मी या भागातल्या कितीतरी बिल्डिंगा केल्यात."

बाईंनी या वेळी काका-लग्न काढलं नाही. तेव्हाच मला कळलं की आज थट्टा नाही. "मग सही करा. स्लॅबला काही होणार नाही म्हणून."

"मी सही कशी करणार? मी ठेकेदार माणूस, इंजिनिअर नाही."

"तेच म्हणते मी. जो करू शकतो त्याला आणा."

आप्पा धापा टाकत चढून आले. जिन्यात आता दारं उघडली होती, माणसं खालच्या पायऱ्यांवर जमली होती.

"बाई, ठराव झालाय. सभेत झालाय. आता ही काय दांडगाई हाय?"

"ठरावाने वजन कमी होत नाही, आप्पा."

"पोलिसाला बोलवू का?"

"बोलवा. त्यांनाही विचारते, सही करता का."

खाली कुणीतरी हसलं. आप्पांचा चेहरा लाल झाला. "एकट्या बाईमाणसासाठी समद्या बिल्डिंगनं थांबायचं व्हय?"

बाई उठल्या. तसबीर छातीशी धरली होती. आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"आमच्या माणसांनी डोक्यावर पुष्कळ वाहिलं, आप्पा. उचल म्हटलं की उचललं, किती आहे ते कुणी सांगितलं नाही. माझा बाप पहिला, जो बाजूला बसला आणि तोलून आणा म्हणाला. हे घर त्याने बघितलं तेव्हा या कठड्याला कोपरं टेकून उभा राहिला. त्याच्या मुलीच्या डोक्यावर न तोललेलं ओझं मी ठेवू देणार नाही."

"जातीवर कशाला नेता बाई? जातीचं काय हाय यात?"

"जात मी नाही काढली. वजन काढलं. तुम्हाला त्यात जात ऐकू आली, तर त्याचा विचार घरी जाऊन करा."

मी पत्रकं लिहिते. असं वाक्य मला आजवर लिहिता आलेलं नाही.

मग दुसऱ्या मजल्यावरची स्नेहल, आयटीत नोकरी करणारी, कडेवरच्या मुलीला घेऊन वर आली. "एक मिनिट हं, आप्पा. बाई, मी फक्त बघून येऊ?" बाईंनी खुर्ची सरकवली. स्नेहल गच्चीवर गेली. परत आली तेव्हा मुलीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"ॲक्च्युअली... मागच्या महिन्यात हिचा बर्थडे इथे केला आपण. किती पोरं पळत होती. तो कठडा हिला सहज चढता आला असता. आपण फोटो काढत बसलो होतो, आप्पा." एवढं बोलून ती बाईंच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसली. मुलीला मांडीत घेतलं. उठली नाही.

आणि खालून गाडीवाल्यांचा आवाज आला. सभेत हात वर करणाऱ्यांत तेही होते.

"आप्पा, माझ्याकडे सही मागितली होती त्यांनी. दोन इंचांसाठी. मला नाही मिळाली. तुमच्यासाठी नियम वेगळा का?"

ते चढून आले, बाईंकडे न बघता भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्यामागून आणखी दोघं आले. मग कितीजण बसले ते मला आठवत नाही. जिना भरला एवढं आठवतं.

आप्पा एकटेच गच्चीत गेले. दारातून मला ते दिसत होते. कठड्यापाशी उभे राहिले, हात मांडीवर ठेवला, मग कठड्यावर, मग पुन्हा मांडीवर. खाली वाकून रस्त्याकडे बघितलं आणि पटकन मागे आले.

"च्यायला," ते दारात येऊन म्हणाले. "बोलवा तुमचा इंजनेर."

"माझा नाही," बाई म्हणाल्या. "आपला." आणि खुर्चीची घडी घातली.

इंजिनिअर आला. त्यानेही टकटकच केली, फक्त त्याच्या हातात छोटी हातोडी होती. बाई त्याच्यामागे जुडगा घेऊन. थोड्या वेळाने तोच मागे आणि बाई पुढे. त्याने लिहून दिलं की सगळे थर काढा, आणि ताबडतोब. खाली बाईंच्या खोलीत स्लॅबचे गज गंजून फुगले होते. तिथे लोखंडी टेकू लावावे लागले आणि बाईंना घर रिकामं करावं लागलं. त्या येरवड्याला भाच्याकडे गेल्या. जाताना फक्त एक पिशवी आणि तसबीर. पार्किंगमध्ये त्या खांबापाशी थांबल्या, किल्लीने एकदा वाजवून बघितलं, मग रिक्षात बसल्या.

थर फुटायला लागले. राडारोड्याच्या गोण्या उतरत राहिल्या, उतरत राहिल्या, आणि गेटपाशी एवढा ढीग झाला की लोक थबकून वर बघायचे. हे आपल्या डोक्यावर होतं? दुसऱ्या थराखाली पावसाचं पाणी वाहून जायचं जुनं भोक सापडलं. कोब्याने पुरतं बुजवलेलं. पाण्याला जायला वाटच ठेवली नव्हती आपण, आणि वर्षानुवर्षं पाण्याला दोष देत होतो.

बाईंचा रोज फोन. "कुठवर आलं?" आवाज बारीक होत चालला होता. दम लागतो म्हणायच्या, इथल्या रस्त्याची धूळ भोवली म्हणायच्या, डॉक्टरांचं नाव काढलं की विषय बदलायच्या. कुठल्याही भिंतीचं दुखणं किल्लीने ओळखणाऱ्या बाईने स्वतःच्या छातीवर कुणाला बोटं वाजवू दिली नाहीत. याचा मला अजून राग येतो. त्यांना सांगता आला असता तर सांगितला असता.

शेवटचा फोन त्यांचाच. "पाणी कोंडून बघितलं का?"

नवा थर झाला की गच्चीची भोकं बंद करून तिच्यात पाणी भरायचं, तसंच ठेवायचं आणि खालून छत बघायचं. खरी परीक्षा ती.

"उद्या भरणार, बाई."

"घाईघाईत उरकू नका. आणि खालून बघ. माझ्या खोलीत आडवी पड आणि बघ. उभ्याने दिसत नाही."

मी पाणी भरलेल्या गच्चीखाली, त्यांच्या रिकाम्या खोलीत, टेकूंच्या मध्ये फरशीवर आडवी पडले. छत कोरडं. कोपरे कोरडे. पुन्हा गेले, पुन्हा पडले. कोरडं. तिथूनच फोन लावला. भाच्याने उचलला. त्याच्या आवाजावरून मला कळलं आणि तरीही मी सांगितलं, कोरडं आहे म्हणून सांगा त्यांना.

येरवड्याच्या विहारातल्या शोकसभेला सगळी सोसायटी आली होती. आप्पा पांढरा सदरा घालून सतरंजीवर मांडी घालून बसले होते, वंदनेचे शब्द येत नव्हते तर नुसते हात जोडून. गाडीवाल्यांनी घरून खिरीचं पातेलं आणलं होतं आणि ते कुणाकडे द्यावं हे न कळून बराच वेळ हातात धरून उभे होते.

पुढच्या सभेत आप्पा उठले. घसा खाकरला.

"बाईंची आठवण ऱ्हावी असं काय तरी करू. गच्चीवर मधोमध शिमिटाचा पक्का कट्टा बांधू, बसायला. त्याला ग्रॅनाइट लावू. वर बाईंचं नाव."

माना हलल्या. पुन्हा त्याच माना. मी तोंड उघडणार, एवढ्यात गाडीवाले जागेवरून न उठता, खाली बघत म्हणाले,

"कुणाला विचारून?"

आप्पांनी जीभ चावली. आधी स्नेहल हसली. मग सगळे हसले आणि हसताना कुणी कुणाकडे बघेना.

गच्चीवर कट्टा नाही. ग्रॅनाइट नाही, पाटी नाही. एक थर आहे, उताराचा, आणि पाणी जायला उघडं भोक. तुम्हीही आज आपापल्या गच्चीवर जा. कठड्याला लागून उभे राहा आणि तो कुठे लागतो ते बघा. मांडीला लागला, तर कमिटीला सही मागा.

आमच्या गच्चीवर मी संध्याकाळी जाते. आता कोपरं टेकता येतात.